चार बुश आणि हापूसचा रस

बावन्न वर्षं मला गाडीचे बुश म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं.

अडलं ते यंदा, दिवाळीच्या चार दिवस आधी. आमची गाडी खड्ड्यात गेली की पुढून ‘खडक’ असा आवाज यायचा. (रत्नागिरीत गाडी खड्ड्यात गेली की म्हणण्यापेक्षा, गाडी निघाली की म्हटलेलं बरं.) कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी वाकून चाकामागे बॅटरी मारली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तशा आवाजात म्हणाले, “साहेब, पुढचे चारही बुश गेले.”

बुश म्हणजे रबराची जाड कडी, मध्ये लोखंडी नळी. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्ममध्ये ती ठोकून बसवलेली असते आणि खड्ड्याचा दणका ती स्वतःच्या अंगावर घेते. ती झिजली की तो दणका थेट माणसांच्या अंगावर येतो. आमच्या गाडीत तो अण्णांच्या कंबरेवर यायचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशी. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, बुरोंडीला असते. साठ वर्षांत अण्णांनी तिच्याकडची भाऊबीज चुकवलेली नाही. गेल्या वर्षी मात्र तिथून आल्यावर ते तीन दिवस कंबर धरून पडले होते आणि डॉक्टरांनी दणके बंद सांगितले होते. एसटीचा प्रश्नच नव्हता, आणि भाऊबीजेला भाड्याची गाडी मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळण्यासारखं. रफिकभाईंची माणसं सणाला आपापल्या गावी गेलेली. “दिवाळीनंतर आणा, अर्ध्या दिवसाचं काम आहे,” ते म्हणाले.

घरी हे ऐकून अण्णा एवढंच बोलले, “असू दे. तिला फोन करीन.” आणि उठून आत गेले. फोनवर ओवाळून घेता येत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मला ते पाहवलं नाही. त्या भरात मी जाहीर केलं की बुश मी घरी बदलणार, आणि अण्णांना असं नेणार की पोटातलं पाणी हलणार नाही.

“तू?” माझी बायको स्मिता म्हणाली. त्या एका अक्षरात आमच्या संसारातला गळका नळ, उलटा फिरणारा पंखा आणि अजूनही न लागणारी मागच्या दाराची कडी, सगळं आलं.

रफिकभाईंनी नवे चार बुश, गाडी टेकवायचे दोन स्टँड आणि बुश दाबून काढायचा लांब बोल्ट दिला, शिवाय माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. “नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा,” ते म्हणाले. “गार झाले की आकसतात, बसायला सोपे जातात.”

आमचा फ्रीजर ही स्मिताची सत्ता. गाडीचं सामान सुरमईला चिकटलं तर दोन्ही बाहेर फेकीन, असं तिने सांगितलं. म्हणून मी आईस्क्रीमचा एक रिकामा डबा शोधला (असे डबे आमच्या घरात टाकायची पद्धत नाही), त्यात नवे बुश घातले, झाकण लावलं आणि डबा मागे सरकवला. त्या झाकणावर स्मिताच्या अक्षरात ‘रस’ असं लिहिलेलं होतं. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. आतला माल मला माहीत होता, मग झाकण वाचायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी उचलली. मागच्या चाकांना अण्णांनी स्वतः जांभ्या दगडाचे दोन चिरे लावून घेतले आणि समोर खुर्ची टाकून बसले. तिथून ते अधूनमधून घसा खाकरायचे. पहिला जुना बुश निघायला अडीच तास लागले. दुसऱ्याला दोन. माझ्या तोंडातून बोल्टसाठी जे शब्द निघत होते, ते ऐकून शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पण संध्याकाळपर्यंत चारही जुने बुश अख्खे बाहेर आले, एकही फाटला नाही. ते मी पायरीवर ओळीने मांडले आणि त्यांच्याकडे बघत चहा प्यायलो. मग कंबर धरून जाऊन आडवा झालो.

आता इथे आमच्या घराण्याचा स्वभाव सांगितला पाहिजे. आमच्याकडे कुठलीही वस्तू टाकत नाहीत आणि सणाला घरात काही कळकट ठेवत नाहीत. मी झोपल्यावर अण्णांनी ते चारही बुश सोड्याच्या पाण्यात घासले, पुसले, खोबरेलाचा हात फिरवला. आदल्या दिवशी मी बुश फ्रीजरमध्ये ठेवायचे असं बोललेलं त्यांच्या कानावर होतंच. मुलाला विसर पडला असेल म्हणून त्यांनी ते पिशवीत घातले आणि फ्रीजरमध्ये ठेवून दिले. पुढेच. हाताला लागतील असे.

सकाळी फ्रीजर उघडला तर पिशवीत चार बुश. स्मिताने डब्यातून काढून ठेवले असतील, मी म्हटलं, आणि पळत अंगणात आलो, कारण गारवा जायच्या आत बसवायचे होते. बर्फाच्या भुकटीखाली रबरावर बारीक चिरा दिसल्या. गोठल्यामुळे असतील, असं मी स्वतःला समजावलं. आणि काय सांगू, चारही बुश इतके अलगद आत गेले की मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं! रफिकभाई म्हणाले होते नवे बुश बसवताना घाम निघेल. माझा निघाला नाही. याचा अर्थ मी उपजत कारागीर आहे असा काढायला मला फार वेळ लागला नाही.

भाऊबीजेला पहाटे निघालो. आरे-वारेच्या वळणावर पहिला ‘खडक’ आला.

“येतोय आवाज,” स्मिता म्हणाली.

“डिकीत जॅक हलतोय,” मी म्हणालो.

जयगडच्या फेरीबोटीवर चढताना दोन ‘खडक’ आले. तेव्हा मी सांगितलं की नवे बुश रुळायला वेळ लागतो. गुहागरच्या पुढे तर मोजणंच सोडलं. मागे अण्णा उशी घेऊन बसले होते. मी आरशातून विचारलं, “अण्णा, त्रास होतोय का?”

“छे रे,” ते म्हणाले. “लोण्यासारखी चालत्ये.”

मी स्मिताकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

आत्याच्या घरी पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. अण्णा गाडीतून उतरले, दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभे राहिले आणि मग सरळ जाऊन पाटावर बसले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बहिणीने ऐंशी वर्षांच्या भावाला ओवाळलं तेव्हा मला भरून आलं. हे आपल्यामुळे झालं, असंही वाटलं. थोडंसं नाही, चांगलंच वाटलं.

आत्याकडे भाऊबीजेला पुरी आणि आमरस असतो, दिवाळीतसुद्धा. आमच्या परसातल्या हापूसचा रस मे महिन्यात फ्रीजरमध्ये जातो आणि अण्णा तो दरवर्षी बहिणीसाठी घेऊन येतात. स्मिताने बर्फाच्या पेटीतून डबा काढून आत्याच्या पुढे ठेवला. आत्याने ‘रस’ असं वाचलं, झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिली.

“मधू,” ती शेवटी अण्णांना म्हणाली, “कडबोळी करपली होय रे?”

डब्यात चार बुश होते. काळेभोर, कोरे, रबरावर एक ओरखडा नाही.

मी एकदा डब्याकडे पाहिलं आणि एकदा दारातल्या गाडीकडे. मग अण्णांनी शांतपणे पिशवीची, सोड्याची आणि खोबरेलाची हकीगत सांगितली, आणि माझ्या दोन दिवसांचा हिशेब लागला. मी जुने बुश काढले होते, वडिलांकडून ते धुऊन घेतले होते, गार केले होते आणि होते तिथे परत बसवले होते.

“म्हणजे सगळी वाट दणके बसले तुम्हाला,” मी म्हणालो. “बोलला का नाहीत?”

“आरे-वारेलाच कळलं होतं मला,” अण्णा म्हणाले. “बोललो असतो तर गाडी वळवली असतीस. मला इथे यायचं होतं.”

आत्याने पदराने डोळे पुसले आणि मग पुरीबरोबर गूळ-तूप वाढलं. रस रत्नागिरीत, दुसऱ्या डब्यात, सुखरूप होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांना पुढच्या सीटवर आडवं करून, सायकलीसुद्धा पुढे जातील अशा बेताने गाडी घरी आणली. दोन दिवस ते गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भाऊबीजेचं वर्णन करत होते.

रफिकभाईंची माणसं परत आल्यावर मी गाडी आणि आईस्क्रीमचा डबा, दोन्ही त्यांच्याकडे नेलं. त्यांनी गाडीखाली जाऊन बघितलं, हात लावून बघितलं आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “साहेब, तीस वर्षं हेच काम करतोय. पण गेलेले बुश इतके नीट बसवलेले मी आजपर्यंत बघितले नव्हते.”

ते वाक्य मी पाहुण्यांना अजूनही सांगतो. फक्त ‘गेलेले’ हा शब्द गाळतो.