माझ्या लेकीचे गोल

माझी लेक व्यावसायिक फुटबॉल खेळते. मिडफिल्डर आहे, म्हणजे मधे राहून बॉल पुढे देणं हे तिचं काम. एरवी मी मोजकं बोलणारा. पण अमरावतीहून अकोल्याला सासुरवाडीत फोन लावला, की दर सामन्याला तिच्या नावावर एक गोल ठोकून द्यायचो. नुसत्या पासचं कौतुक मलाच वाटत नव्हतं, हे आज कबूल करतो.

परवा तिकडे एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मेव्हण्याने मोबाईलवर तिचा सामना लावला. सगळे जेवण सोडून गोलाची वाट पाहत बसले.

"जावाईबापू, पोट्टी तर दुसरीलेच बॉल देऊन राहिली! काहून?" सासूबाईंनी विचारलं.

मान खाली घालून म्हणालो, "तिचं कामच ते आहे. आजवरचे गोल मी मारले."

तेवढ्यात तिच्या पासवर गोल झाला.

सासूबाई ओरडल्या, "आता हा कोनाच्या नावावर टाकता?"