जामसरच्या जीपमध्ये बसलेलं पत्र

अगं, कान इकडे कर. ‘मावशी, तू पत्रच लिहीत नाहीस’ म्हणे! तू कॉलेजात शिकवायला गेलीस, तेव्हा मला तुला लिहायचंच होतं. पण आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची वेगळीच प्रणाली. कॉलेजच्या पानावरचा तुझा ईमेल पत्ता दाबला, की माझा रोजचा मेलचा प्रोग्राम सोडून भलताच उघडायचा आणि खातं मागायचा. मी बँकेचं पासबुक घेऊन बसले! तुझे काका हसले, “मोखाड्याला निघालीस नि जामसरच्या जीपमध्ये बसलीस.”

शोधता शोधता सेटिंगमध्ये ‘पसंतीचे प्रोग्राम’ असं पान सापडलं. तिथे मेलसाठी माझा रोजचा प्रोग्राम निवडला. पुन्हा पत्ता दाबला, तर तोच उघडला, वर तुझा पत्ताही भरलेला! त्यात पहिली ओळ लिहिली, तीच आजही सांगते: लवकर ये गं जव्हारला.