रिकाम्या मावशी

रिकाम्या मावशींच्या हातात कुठलीही वस्तू आली की त्या आधी तिच्या आत बघायच्या. कप दिला तर चहा ओतण्यापूर्वी कपात बघणार. पाकीट, पर्स, बर्फातले बूट, किटली, सगळ्यांत आधी डोळा, मग करंगळी, मग निकाल: "रिकामं." माझ्या नव्या कुकरची त्यांनी एकदा इतकी कसून तपासणी केली की आत काहीच सापडलं नाही याचं मलाच वाईट वाटलं.

हे नाव त्यांना काकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं दिलं होतं. कॅनडात हॅमिल्टनपासून मिसिसागापर्यंत पसरलेल्या आमच्या आंबेडकरी मंडळात ते इतकं रुळलं की नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटायचं. एका जयंतीला सूत्रसंचालन करणाऱ्या नवख्या मुलानं जाहीर केलं, "आता मिसेस रिकामे दोन शब्द बोलतील." मावशी उठल्या, माइककडे वरून खालून पाहिलं, "जय भीम" म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. दोन शब्द झाले होते. वास्तविक त्यांच्याइतकी कामात बुडालेली बाई मी पाहिलेली नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर नोकरी केली, निवृत्त झाल्यावर मंडळाचं स्वयंपाकघर अंगावर घेतलं, आणि दर रविवारी मिल्टनच्या पलीकडे, शेतांच्या मधोमध असलेल्या शूटिंग क्लबात जायच्या. मावशी बंदूक चालवायच्या.

साठी उलटलेली, पाच फुटांची, गुडघे दुखणारी ही बाई दुनळी खांद्याला लावून "पुल!" म्हणजे "सोड!" असं ओरडायची, आणि समोरच्या यंत्रातून उडालेल्या नारिंगी तबकडीचा हवेतल्या हवेत भुगा व्हायचा. मंडळात यावरून कुजबुज होतीच. एकदा एका गृहस्थांनी तोंडावर विचारलं, "मावशी, पंचशील घेता आणि बंदूक चालवता?" मावशींनी शांतपणे सांगितलं, "पहिल्या शीलात प्राण्याचा जीव घेऊ नको म्हटलंय. तबकडीले जीव असते का? असला तर सांगा, उद्यापासून बंद करते." क्लबातले बाकीचे लोक शरदात हरणांच्या शिकारीला जात, तेव्हा या मात्र तिथंच एकट्या तबकड्या फोडत बसत.

हा नाद नागपूरचा. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात त्या रायफल शिकल्या. गोळीबार संपला की उस्ताद हुकूम द्यायचा, "जांच शस्त्र!" मग प्रत्येकीनं रायफल उघडून दाखवायची. तिथं एका मैत्रिणीनं "खाली है, उस्ताद" असं ठासून सांगितलं आणि पुढच्याच क्षणी मावशींच्या बुटापासून वीतभर अंतरावरची माती उडाली. ही गोष्ट सांगताना मावशी शेवटी एक वाक्य नेहमी जोडायच्या. "ती खोटं नव्हती बोलत बरं. तिले खरंच वाटत होतं का रिकामी आहे."

मी मूळची घाबरट. गॅस बंद केलाय का हे बघायला बस स्टॉपवरून परत जाणारी. नाशिकहून इथल्या कॉलेजात शिकायला आले, मग विमानतळाजवळच्या एका लॉजिस्टिक्स ऑफिसात लागले आणि मिल्टनला एका बेसमेंटमध्ये राहू लागले. आई गेली तेव्हा माझं वर्क परमिट संपलेलं होतं आणि पीआरची, म्हणजे इथं कायम राहण्याच्या परवान्याची, फाइल अडकलेली होती. देश सोडला असता तर परत येता येईल याची खात्री नव्हती. आईला शेवटचं मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं, तेही मधेच नेटवर्क गेलं. पीआर तीन महिन्यांनी आलं. ते पत्र मी दोन दिवस उघडलंच नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी मावशी बेसमेंटच्या दारात उभ्या राहिल्या. "भिंतीकडे काय बघून राहिली तू? चल, तबकड्या फोड." माझ्याकडे लायसन्स नव्हतं, पण लायसन्सवाला माणूस शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर चालवता येते. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही काडतूस दिलं नाही. दिवसभर फक्त उघडायची, बघायची, मिटायची. दुनळी मध्यावर मोडून उघडली की नळ्यांतून पलीकडचं दिसतं. "आभाळ दिसते का?" त्या विचारायच्या. "दोन्हीतून दिसलं पाहिजे. एकातून दिसलं म्हणजे अर्धंच झालं." दुसऱ्या आठवड्यात माझी पहिली तबकडी फुटली, आणि तेवढ्या एका सेकंदापुरतं माझं डोकं शांत झालं. मला त्या सेकंदाची चटक लागली.

महिन्याभरातच मी स्वतःची बंदूक घ्यायचं मनावर घेतलं. लायसन्सशिवाय विकत मिळणार नव्हती, पण बघायला काय जातंय म्हणून आम्ही हॅमिल्टनच्या एका दुकानात गेलो. खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्यावर नक्षी कोरलेली एक बंदूक मला आवडली. "साडी घेऊन राहिलो का आपण?" मावशी म्हणाल्या. "आधी कान, मग डोळे, मग बंदूक." म्हणून पहिला अर्धा तास कानावरचे मफ आणि चष्मे बघण्यात गेला. मग दुकानदारानं एक वीस बोअरची, जरा हलकी दुनळी पुढे केली. "इट्स एम्प्टी, मॅम." "शो मी," मावशी म्हणाल्या. तो हसला, पण उघडून दाखवली. मला त्यांनी डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली. डोळे उघडल्यावर नळी नाकासमोर सरळ दिसली तर ती आपली, वाकडी दिसली तर कितीही सुंदर असो, दुसऱ्याची. वर त्यांनी मला कोट घालून पुन्हा तेच करायला लावलं. जाड जाकीट अंगात असलं की दस्ता लांब पडतो, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. ती वीसची अगदी सरळ बसली. मी इतकी खूश झाले की त्याच आठवड्यात सेफ्टी कोर्सला नाव घातलं, पास झाले आणि लायसन्सचा फॉर्म भरायला घेतला.

फॉर्मला दोन माणसांचे रेफरन्स लागतात, तुम्हाला काही वर्षं ओळखणारे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं लंच संपायच्या आत सही केली, न वाचता. दुसरी सही अर्थातच मावशींची. त्यांच्या किचन टेबलवर मी फॉर्म ठेवला. काका सिंकपाशी भांडी घासत होते. मावशींनी पेनाचं टोपण काढलं, आत बघितलं, आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. आत्मचरित्र वाचत असल्यासारख्या त्या वाचत होत्या आणि कुठल्या प्रश्नाशी त्या थांबणार हे मला माहीत होतं. नैराश्यासाठी किंवा तशा कशासाठी उपचार घेतले आहेत का, असा तो प्रश्न होता.

"इथं नो काहून लिहिलं?"

"कारण नाही, म्हणून."

"मागच्या रविवारी पर्स धरायले दिली होतीस. मी आत बघितलं."

"मावशी, त्या गोळ्या झोपेसाठी पण देतात. मी ठीक आहे आता."

"रिकामी आहेस?"

"हो."

"दाखव."

माणूस मध्यावर मोडून उघडून दाखवता येतो थोडाच. मी हसण्यावारी न्यायला गेले. मावशींनी पेनाला टोपण लावलं. "मी साइन नाही करत."

"म्हणजे मी वेडी आहे, असंच ना?" मी ओरडले.

"वेडी कोण म्हटलं? भरलेली म्हटलं. भरलेली असणं गुन्हा नाही पोरी. न बघता हातात देणं गुन्हा आहे."

काका हात पुसत म्हणाले, "अगं कर ना सही, रडून राहिली ती."

"रडू द्या," मावशी म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते मला त्या दिवशी दिसले नाहीत. मी फॉर्म ओढून घेतला आणि निघाले.

आता इथं खरं सांगायला हवं. बंदूक तबकड्यांसाठीच हवी आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि ते बहुतेक खरं होतं. उरलेलं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. घरी गेल्यावर मी इतकी संतापले होते, की हे एवढं मनाला का लागलं, असं कधी नव्हे ते स्वतःला विचारलं. उत्तराची भीती वाटली म्हणून दिवा चालू ठेवून झोपले.

मी मावशींचे फोन घेणं बंद केलं. मग शनिवार सुरू झाले. हॅमिल्टनहून गाडी चालवत त्या यायच्या, बाजूच्या दाराशी स्टीलचा तीन पुडांचा डबा ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि मी उघडत नाही असं पाहून परत जायच्या. माझ्या बेसमेंटची खिडकी जमिनीच्या बरोबरीची. मला त्यातून मावशी गुडघ्यापर्यंतच दिसायच्या: बर्फाचे बूट, सलवारीची ओली कड, आणि खाली टेकवलेला डबा. पुढच्या शनिवारी त्या नवा डबा ठेवून जुना उचलायच्या आणि तिथंच, उणे पंधरा अंशांत, एकेक पूड उघडून आत बघायच्या. पहिले दोन डबे मी हात न लावता परत ठेवले. बेसनाच्या पाटोड्या तशाच, भात दगड झालेला. बूट बराच वेळ हलले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी मी हुशारी केली. सगळं ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये ओतलं आणि डबा लख्ख घासून ठेवला. मावशींनी पूड उघडलं, करंगळी फिरवली, वास घेतला. मग बूट वळले आणि सरळ माझ्या ग्रीन बिनकडे गेले. झाकण उघडल्याचा आवाज आला. शेजारीण ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होती, तिचं फावडंही थांबलं. मला आत बसल्या बसल्या हसू आलं, बऱ्याच महिन्यांनी. संध्याकाळी फोनवर मेसेज होता: "घासलेला डबा म्हणजे जेवलेली पोरगी नव्हे."

चौथ्या आठवड्यात मी खरंच थोडं जेवले आणि डबा न घासता, अर्धा भरलेला, तसाच ठेवला. मावशींनी तो उघडला. मग त्यांचे गुडघे हळूहळू वाकले, एक हात बर्फात टेकला, आणि खिडकीत त्यांचा चेहरा आला, चष्म्यावर वाफ धरलेला. काच मध्ये असल्यामुळे काय म्हणाल्या ते कळलं नाही. मी जाऊन दार उघडलं. जिन्यात बसून त्यांनी बूट काढले, सवयीनं आत बघितलं, आणि मी त्यांच्या शेजारच्या पायरीवर बसून म्हटलं, "मावशी, मी ठीक नाहीये." त्या म्हणाल्या, "हाव. आता बोललीस बरोबर." सोमवारी त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं आणि माझं आत संपेपर्यंत बाहेर खुर्चीत बसून राहिल्या. त्या एका सोमवारीच नाही, पुढचे कित्येक सोमवार.

दुसरा फॉर्म मी दीड वर्षानं भरला. त्या प्रश्नाला "यस" लिहिलं, डॉक्टरांचं पत्र जोडलं. तेच किचन, तेच टेबल. मावशींनी पुन्हा सगळा वाचला.

"रिकामी आहेस?"

"पूर्ण नाही, मावशी. थोडं आहे अजून आत."

"किती?"

"उघडून दाखवता येईल इतकं."

त्यांनी सही केली. लायसन्सच्या ऑफिसरनं फोन करून बरंच काही विचारलं, मी बरंच काही सांगितलं, आणि काही आठवड्यांनी लायसन्स आलं. पण ती वीसची तोवर विकली गेली होती.

काका गेले आणि मावशींचा हात कापायला लागला. कोणी सांगायच्या आधीच त्यांनी स्वतः क्लबात जाऊन सांगितलं की आता बस. मुलगा त्यांना कॅलगरीला न्यायला आला, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली दुनळी माझ्या नावावर करून दिली. पेटीतून काढून पुढे करत म्हणाल्या, "घे. रिकामी आहे." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बंदुकीबद्दल ऐकलं. मी ती मध्यावर मोडली, खिडकीकडे धरली, दोन्ही नळ्यांतून आभाळ बघितलं आणि करंगळी फिरवली. मुलगा म्हणाला, "सीरियसली? यू डोन्ट ट्रस्ट हर?" मावशी मात्र इतक्या आनंदानं हसल्या की डोळे पुसावे लागले. "पास," त्या म्हणाल्या. मग तो तीन पुडांचा डबाही माझ्या हातात दिला. त्याच्या आतही मी बघितलं. कॅलगरीला गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मावशी गेल्या. या वेळी मी विमानानं जाऊ शकले.

सध्या माझ्या टेबलावर एक फॉर्म पडून आहे. मंडळातली एक जुन्या ओळखीची मुलगी, पार्टटाइम नोकरी करून शिकणारी, पीआरची वाट बघणारी, माझ्याबरोबर तीन महिने क्लबात येते आहे. नेम चांगला आहे तिचा. "ताई, फक्त साइन हवी आहे. मी एकदम फाइन आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता फॉर्म पुढे सरकवला. सगळ्या प्रश्नांना "नो" लिहिलंय. कदाचित तसंच असेल. कदाचित मी उगीच घाबरते आहे, घाबरट तर मी आहेच. पण पेनाचं टोपण चार दिवसांत माझ्याच्यानं निघालेलं नाही.

उद्या शनिवार. पाटोड्या केल्या आहेत, तिच्यासाठी डबा भरून ठेवला आहे. दार तरी उघडेल ना ती?