दुसरा साक्षीदार

तहसीलच्या नोकरीत फायली निकाली निघतात की नाही ते सांगता येत नाही, पण किस्से मात्र साठत जातात. त्यांना कपाट लागत नाही आणि बदली झाली तरी ते मागे राहत नाहीत. आम्ही रिटायर कारकून सकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जमतो, तेव्हा जो तो आपापल्या टेबलाचे किस्से काढतो. कुणाचं पुरवठ्याचं टेबल, कुणाचं जमिनीचं. माझ्याकडं सतरा सप्टेंबरचं होतं. मराठवाडा मुक्तिदिनाला तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार करायचा. म्हणजे यादी काढायची, जीप पाठवायची, शाल-नारळ आणायचे, प्रमाणपत्रं बीडहून छापून घ्यायची. मंडळींना वाटतं, हे सगळ्यात हलकं टेबल. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं.

*

आधीच्या कारकुनानं चार्ज देताना एकच गोष्ट बजावली होती. "नाव पुकारायच्या आधी मानूस हाय का न्हाई ते इचारून घे." मी हसण्यावारी नेलं.

स्टेजवरून तिसरं नाव पुकारलं आणि गर्दीतून पन्नाशीचा एक माणूस चालत आला. डोक्यावर नुकते केस उगवत होते. प्रमुख पाहुणे आमच्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, त्याचा हात हातात घेतला आणि माइकवर म्हणाले, "आपण निजामाच्या राज्यात जे भोगलं, त्याची फेड होणं शक्य नाही."

तो माणूस हळूच म्हणाला, "साहेब, मी नव्हतो. बाप व्हता. त्यो पोळ्याला गेला."

चेअरमन माझ्याकडं वळले. "पुढचं नाव घ्या."

शाल काढून ठेवायची की घेऊन जायची, हे त्या माणसाला कळेना. तो बराच वेळ तिथंच उभा होता.

*

यादीतले सगळ्यात तिखट म्हणजे माणिकतात्या. एकोणिसाव्या वर्षी सोबत्यांबरोबर निजामाचा करोडगिरी नाका, म्हणजे जकातीची चौकी, जाळलेला, त्यापायी तुरुंग भोगलेला. पुढं आयुष्यभर कोरडवाहू शेती.

एका दुष्काळात त्यांची गाय चारा छावणीत होती, आणि गाय तिथं म्हणून तात्याही तिथंच. छावणी चेअरमनच्याच संस्थेची. पाहणी करता करता चेअरमन एका गाईपाशी थबकले. तिच्या पाठीवर जरीकाठाची शाल होती.

"तात्या, ही आम्ही दिलेली शाल ना?"

"हाव. तुमी मला पांघरली, मी हिला पांघरली. माशा लई बसत व्हत्या."

"अहो, तो सत्कार होता."

"ह्यो बी सत्कारच हाय. आन् मी हिला भाषन न्हाई ऐकवलं."

त्याच साली मुक्तिदिनाला चेअरमननी गर्जना केली, की रझाकारांना पळवलं तसाच हा दुष्काळही आपण पळवून लावू. पहिल्या रांगेतून तात्यांनी विचारलं, "त्यांना पळवाया आमी गेलतो. ह्याला पळवाया कोन जातंय?"

कारखान्याचं धुराडं दोन हंगाम थंड होतं. समोर बसलेल्यांतले निम्मे दिवाळीनंतर ऊस तोडायला परजिल्ह्यात जाणार होते.

*

भागीरथीबाईची आणि माझी ओळख त्याच सकाळी झाली. तहसीलच्या आवारात हुतात्म्यांचा स्तंभ आहे. पाहुणे यायच्या आत तो धुवायचा, असा तहसीलदार साहेबांचा हुकूम होता. गावाला आठ दिवसांआड पाणी, पण स्तंभासाठी टँकर आला. शिपायानं पाइप लावला. कंपाउंडच्या भिंतीपलीकडं वस्तीतल्या बाया घागरी घेऊन बघत उभ्या.

तेवढ्यात जीपमधून तात्या उतरले आणि त्यांच्यामागून एक म्हातारी. ती सरळ गेली, शिपायाच्या हातातला पाइप घेतला आणि भिंतीवरून पलीकडच्या घागरीत सोडला.

"मावशी, स्तंभ धुवायचा राहिलाय," मी म्हणालो.

"मेलेल्यांना कुटं तहान लागती?"

टँकर रिकामा झाला. त्या वर्षी हार धुळीच्या स्तंभालाच घातला. साहेब मला बोलले, पण तात्या खुर्चीत बसून एकटेच हसत होते. म्हातारी मात्र मागं, मंडपाच्या खांबाला टेकून उभी होती. ती सैनिकांच्या यादीत नव्हती, म्हणून तिला खुर्ची नव्हती.

*

ती कोण, ते तात्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. चौदा वर्षांची असताना ती निजामाच्या हद्दीपलीकडच्या, सैनिकांच्या कँपातून काडतुसं आणायची. चिंध्यांत बांधून, ओल्या शेणाच्या पाटीत तळाला. नाक्यावरचे शिपाई शेणात हात घालत नसत. अशा सात खेपा तिनं केल्या. "नाका मी जाळला म्हनत्यात," तात्या म्हणाले, "पर हिच्याबिगर आमी नुसत्या काठ्या घिऊन बसलो असतो."

मी तिचा अर्ज लिहिला. पेन्शनचा रकाना भरताना ती म्हणाली, "ते काय मिळंल ते मिळंल. मला तात्याच्या बाजूची खुर्ची पायजे. हुबं ऱ्हाऊन पाय दुखत्यात." साहेबांसमोर सुनावणी झाली.

"तुम्ही तुरुंगात होता?"

"न्हाई."

"अटक, वॉरंट, काही कागद?"

"मला धरलंच न्हाई कवा."

"मग पुरावा काय?"

"धरलं असतं तर काडतुसं पोचली असती का, साहेब?"

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियमाचं पुस्तक दोनदा उलटंपालटं केलं. मग म्हणाले, तुरुंग भोगलेल्या दोन सैनिकांनी एकाच वेळी समोर येऊन शपथेवर सांगितलं तर होईल. एक तात्या होतेच. दुसरे वडवणीकडचे एक गुरुजी. ते अंथरुणाला खिळले होते, पण निरोप आला, "तारीख द्या, खाटेवरून येतो."

*

तारीख माघात लागली. इथं माझी चूक सांगतो, म्हणजे मंडळी मला साधा समजणार नाहीत.

माघात आमच्या तालुक्यातल्या निम्म्या घरांना कुलूप असतं. भागीरथीबाईचा मुलगा-सून तोडीला जायचे आणि पोरं सांभाळायला, भाकरी थापायला म्हातारीही त्यांच्याबरोबर उसाच्या फडाकडेच्या पाचटाच्या कोपीत. हे मला माहीत होतं. माझ्या शेजारची चार घरं तेव्हा तशीच बंद होती. तरी मी नोटीस गावच्या पत्त्यावर धाडली, कारण अर्जावर तोच पत्ता होता, आणि कोतवालानं ती कुलपावर चिकटवली.

गुरुजींना टेंपोत खाट टाकून आणलं. तात्या त्यांच्या उशाशी बसले. दोघं संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात थांबले. मग मी फाइलवर शेरा मारला, 'अर्जदार गैरहजर'. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. तो शेराही सुरेख आला आहे.

होळीला गुरुजी वारले. तोडीवरून पाडव्याला परतली तशी भागीरथीबाई नोटिशीचा फाटका कागद घेऊन ऑफिसात आली. शेऱ्याचा अर्थ मीच तिला सांगितला.

"आमी कुटं जातो ते साऱ्या तालुक्याला ठावं हाय," ती म्हणाली. "तुलाच कावून न्हाई?"

मी खाली मान घालून पेनाचं टोपण घट्ट करत बसलो.

पुढची चार वर्षं तात्यांनी सत्काराला उत्तर म्हणून एकच वाक्य माइकवर म्हटलं. "एक साक्षीदार हजर हाय, दुसरा कुटून आनू?" लोक टाळ्या वाजवायचे.

*

पाचव्या वर्षी तात्या अंबाजोगाईच्या दवाखान्यात वारले. मुक्तिदिनाला आठच दिवस होते. सरकारी इतमामात पोलिसांनी बंदुकांची सलामी दिली. माझ्या शेजारी उभी असलेली भागीरथीबाई प्रत्येक बाराला दचकत होती.

"एकेक काडतूस शेनातून न्हेलं व्हतं," ती म्हणाली. "ह्यांनी समदी हवेत घातली."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी हॉटेलात अजून सांगितलेला नाही.

सोळा तारखेला नव्या साहेबांनी विचारलं, "उद्या सत्काराला कोण?"

"यादीत कुणी उरलं नाही, साहेब."

"बीडहून मोठे साहेब येतायत. रिकाम्या खुर्चीला शाल घालू? एखादं जुनं माणूस बघा."

मी भागीरथीबाईला जीप पाठवली. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. ती नवं लुगडं नेसून आली. "तात्याची कोंची?" तिनं विचारलं आणि बरोबर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. तात्यांची तिनं रिकामी ठेवली. शाल झाली, नारळ झाला. प्रमाणपत्र मात्र तात्या असताना छापून आलेलं होतं. त्यावर नाव तात्यांचं. मी साहेबांच्या कानाला लागलो, तर ते म्हणाले, "द्या तसंच. फोटोत वाचता येत नाही."

परतताना जीपमध्ये तिनं कागद माझ्यापुढं धरला. "वाच, काय लिव्हलंय."

मी वाचलं. तिचं नाव, तिचं गाव, शेणाची पाटी, सात खेपा.

"सरकारनं शेन लिव्हलं?"

"लिहिलंय की."

तिनं कागद पदराखाली धरला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली. कागद माझ्या टेबलावर ठेवला. "सुनंनं वाचला," म्हणाली. मला वर बघवेना.

"तिला नीट वाचता येत न्हाई. धाव्वी नापास हाय. तू वाच."

बाकीचे कारकून कान देऊन होते. मी उभा राहिलो आणि वाचलं. नाव, गाव, शेणाची पाटी, सात खेपा.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तू म्हनतोस तसंच हाय ना समदं?"

"हो. सगळं खरं आहे."

"मग आता आत जाऊन साहेबाम्होरं वाच. तुजं नाव सांगून वाच."

साहेबांचं दार उघडंच होतं. माझ्या टेबलापासून आठ-दहा पावलं. माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती. मी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली.

तिनं तो घेतला, पदरात बांधला, आणि जाता जाता दारातून वळून म्हणाली, "तूबी गैरहजर."