दोनशे सतरा नंबर

"पान दुमडलंस की कान दुमडीन!"

बाई हे नुसतं म्हणत नसत, करत. लालबागच्या आमच्या वाचनालयात पुस्तक परत द्यायला गेलं की त्या आधी फर्रकन पानं उलटून बघायच्या. एखादा कोपरा मुडपलेला दिसला की काउंटरवरून हात आलाच. मग तुम्ही बँकेत मॅनेजर असा की चार नातवंडांचे आजोबा, कान पिळून निघायचा. माझा किती वेळा निघाला, त्याला गणतीच नाही. तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल, ज्याचा मार खाऊन आपण पुन्हा त्याच्याचकडे जातो.

बाई पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या आणि बंद पडायला आलेलं हे वाचनालय त्यांनी अंगावर घेतलं. एकदा बिल्डरचा माणूस टेप घेऊन जागा मोजायला आला. बाईंनी तारखेचा शिक्का शाईत बुडवून त्याच्या कपाळावर असा हाणला की खोक पडली आणि खोकेवर जांभळी तारीख उमटली. "सात दिवसांच्या आत परत न्या ह्याला," त्या म्हणाल्या. आम्ही महिनाभर हसत होतो.

पुस्तकाच्या कार्डावर त्या सभासदाचं नाव लिहीत नसत, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ते त्यांच्या डोक्यात. शाळेतली हजेरी पाठ, तसे आम्हीही पाठ. "कोण काय वाचतो, ही चौकशी हवीय कोणाला?" असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी ती चौकशी करणारे आले. आठ-दहा जण, हातात सळया. एका जुन्या पुस्तकात त्यांच्या पुढाऱ्याच्या आजोबांबद्दल काही वाकडं लिहिलं होतं म्हणे. पुस्तक जाळायचं होतं, आणि वाचणाऱ्यालाही फोडून काढायचं होतं. त्यांनी काचा फोडल्या, कपाटं आडवी केली. पुस्तक मिळालं नाही, त्याचं कार्ड मिळालं.

"दोनशे सतरा कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

दोनशे सतरा मी होतो. चार पावलांवर, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी उभा होतो. पुस्तक माझ्या घरी होतं.

"बाई, खोटं नका बोलू. फुकट मार खाल," म्होरक्या म्हणाला.

बाईंनी चष्मा सारखा करून त्याच्याकडे बघितलं. "सातवी ब. हजेरी नंबर एकोणीस. कान इकडे कर, मेल्या."

आणि खरंच हात पुढे केला. त्याने तो मनगटाशी धरला, कार्डांच्या खणात कोंबला आणि लाथ मारून खण बंद केला. तीनदा. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. दर वेळी तो विचारायचा, "दोनशे सतरा कोण?" दर वेळी बाई म्हणायच्या, "मी." तिसऱ्यांदा त्या किंचाळल्या, पण शब्द तोच. मी तोंड उघडलं नाही. मी भित्रा आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

परळच्या इस्पितळात त्यांना भेटायला गेलो. "बाई, त्या दिवशी मी..."

"पुस्तक आणलंस?"

डाव्या हाताने त्यांनी पानं उलटली. मधलं एक मुडपलेलं होतं. मी मुकाट्याने वाकून कान पुढे केला. सवयीने त्यांचा उजवाच हात उठला. प्लास्टरबाहेरची सुजलेली बोटं कानाला नुसती टेकली.

"आवळतच नाहीत रे," त्या म्हणाल्या. "तूच धर."

मी धरला. रडू आवरलं नाही.

बाई पुन्हा काउंटरवर आल्या नाहीत. वर्षाच्या आत गेल्या. आता तिथे मी बसतो. कार्डांवर अजूनही नंबरच लिहितो, आणि तो खण अजून नीट लागत नाही.

परवा जुनी कार्डं लावताना कमिटीतल्या एका गृहस्थांनी एक उचललं. "हे दोनशे सतरा कोण हो?"

"मी," मी म्हणालो. विचारणाऱ्याच्या हातात त्या कार्डाशिवाय काहीच नव्हतं.