अय्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि देवाशी बोलतानाही हा विषय टाळते — त्याला माहीत आहेच, मग कशाला? पण तुम्हाला सांगते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दुभाषी झाले. आमच्या चर्चचे पाळक, अय्या, मंगळूरकडचे. मराठीचा गंध नाही. महिन्यातून एकदा आम्ही अळणावरजवळच्या एका मराठी वाडीत प्रार्थनेला जायचो. ते कन्नडमध्ये एक वाक्य बोलत, मी ते मराठीत सांगायची. खुर्ची त्यांच्या शेजारी, चहाही त्यांच्याबरोबर पहिला. मान कुणाला नको असतो?

समोर यल्लक्का बसायची. मजुरी करून हात राठ झालेले, कन्नड बाजारापुरतं. तिने म्हातारपणी बाप्तिस्मा घेतला; नवरा, भरमा, त्याआधीच गेला होता — बाप्तिस्म्याविना. एका दुपारी अय्या म्हणाले, प्रभूला न ओळखता जे मेले त्यांची आग कायमची, तिथून सुटका नाही. यल्लक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मी — काय सांगू — मी म्हणाले, "देवाचं प्रेम मेल्यावरही माणसाला सोडत नाही. शोधत जातं."

पुढे सहा वर्षं, आगीचा विषय निघाला की मी हेच करायची. वाडीतल्या तरुण पोरींना दोन्ही भाषा येत होत्या. त्या मान खाली घालून हसायच्या, पण चुगली कुणी केली नाही. खोटं बोलणाऱ्यांची जागाही त्याच आगीत सांगितली आहे म्हणे, तरी मला झोप छान लागते. देव प्रीती आहे असं शिकतच मी मोठी झाले. तो भरमाला कायमचा जाळील हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या खोट्याचा पस्तावा नाही.

मग ही कबुली कसली?

अय्यांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी यल्लक्काने त्यांचे हात धरले. "अय्या, तुमच्या त्या एका बोलावर मी एवढी वरसं निवांत निजले."

"एनंतार अक्का?" त्यांनी मला विचारलं — काय म्हणतात?

प्रवास सुखाचा होवो म्हणतात, असं मी कन्नडमध्ये सांगून टाकलं.

परतताना जीपमध्ये ते म्हणाले, त्या आजींना मला कधी धीर देता आला नाही, अक्का. प्रेम सांगायला जायचो आणि आग सांगून यायचो. दोन्ही कसं जुळवायचं ते मलाच कळलं नाही.

त्यांचे डोळे भरले होते. सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण माझी दुभाषेगिरी उघडी पडली असती — आणि मग ते मला काय म्हणाले असते? मी बाहेर बघत राहिले. आमचं नवनगर आल्यावर नमस्कार करून उतरले.

गेल्या वर्षी यल्लक्का वारली, अगदी समाधानाने. मी अय्यांना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "बिचारी नवऱ्याच्या त्याच दुःखात गेली असेल ना, अक्का?"

मी म्हणाले, "हो."