दीड सेकंदाचा हुंदका

हे मी कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. नक्की माहीत नाही.

वडवणीत माझं लग्नाचे व्हिडिओ मिक्सिंग करायचं दुकान आहे. शूटिंग दुसरे करतात. मी कापतो, जोडतो, गाणी टाकतो. कॉम्प्युटरमध्ये नुसत्या आवाजांचं एक फोल्डर आहे. सासू दारात उभी राहिली की वाजणारे ते तीन ढँण, काच फुटल्याचा आवाज, व्हिलनचं हसू — सगळे जुन्या सिनेमा-मालिकांतले. आता रीलवाली पोरं हेच वापरतात. "एवढे कामून चालतात रं हे आवाज?" असं मित्र विचारायचे, आणि मी तोऱ्यात सांगायचो — आवाज ओळखीचा पाहिजे, दोन सेकंदांत संपला पाहिजे आणि त्याला चेहरा नको. चेहरा दिसला की माणूस हसायला कचरतो. नुसत्या आवाजाला कोण कशाला लाजेल?

बघा, किती शहाणा होतो मी.

माझी आत्या लिंबागणेशला दिलेली. तिच्या मुलीचं, शीतलचं लग्न झालं, तेव्हा व्हिडिओचं काम अर्थात माझ्याकडे आलं. पाठवणीला आमच्याकडच्या बायका हेल काढून रडतात, शब्दांसकट — आणि आत्यासारखं रडणारी आमच्या भावकीत दुसरी नव्हती. पाठवणी असो की मयत, तिनं हेल काढला की बाकीच्या मोकळ्या व्हायच्या. शीतलच्या गळ्यात पडून रडताना तिचा श्वास मध्येच अडकला आणि बारीक, चिरका असा एक आवाज निघाला. दीड सेकंदाचा. मी हेडफोन लावून बसलो होतो. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू — मी तो पुन्हा लावला आणि पुन्हा हसलो.

मग कापला. बाजारातल्या एका शेळीचा व्हिडिओ माझ्याकडे होता, टेम्पोत चढायला तयार नसलेली. शेळी मागे ओढते, आत्याचा हुंदका, आणि वर ते तीन ढँण. खोट्या नावाच्या खात्यावरून टाकला. तो इतका चालला की लोकांनी शेळी सोडली, ढँणही सोडले आणि नुसता हुंदका उचलला. लाइट गेली — हुंदका. निकाल लागला — हुंदका. नांदूरघाटच्या एका लग्नात डीजेवाल्यानं तो वाजवला, तेव्हा मी समोरच होतो. मला अभिमान वाटला. हो, अभिमानच.

शीतलच्या दिरानं तो एकदा घरात लावला. तिनं आईचा आवाज ओळखला.

चार दिवसांनी आत्या एसटीनं माझ्या दुकानात आली. रागावलेली नव्हती, ओशाळलेली होती. म्हणाली, "तुला यातलं कळतंय बाबा. कुणी केलं तेवढं बघ." मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, "लग्नात सगळ्यांच्याच हातात मोबाईल होते आत्या, कुणाचं नाव घ्यायचं?" तिला पटलं. मी घरचाच ना? ती गेल्यावर मी ते खातं बंद केलं, पण आवाज तोवर गावोगावच्या फोनमध्ये जाऊन बसला होता. हे सांगताना मला रडू यायला हवं होतं. येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आत्याचे यजमान वारले. शेतातून येताना छातीत कळ आली, तेवढंच. आम्ही पोचलो तेव्हा बायका आत्याभोवती बसून तिची वाट बघत होत्या — ती हेल काढेल, मग आपण रडू. आत्यानं पदराचा बोळा तोंडावर दाबून धरला होता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आवाज मात्र नाही. मागून एक बाई हळूच म्हणाली, "नवरा गेला तरी बाई बघा कशी बसलीय. लई कठीण काळजाची." ती आवाज का काढत नाही, ते मला माहीत होतं.

थोड्या वेळानं तिच्याजवळ जाऊन बसलो. तिनं माझ्या शर्टाच्या खिशातल्या मोबाईलकडे पाहिलं, पदर जरासा बाजूला केला आणि विचारलं, "ते बंद हाय का रं?"

"बंद हाय, आत्या," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि पदर पुन्हा तोंडावर दाबला.